टर्कीच्या डोक्याचा रंग

बाबा,

टर्कीच्या डोक्याला कोणता रंग द्यायचा, असं मला विचारलंय. तुमच्या टर्कीच्या, कॉलेजच्या म्युझियममधल्या. धाकटीचा नागपूरहून फोन आला होता. म्युझियमची डागडुजी चालली आहे, पक्ष्यांच्या कपाटांना नव्या काचा बसतायत आणि दारावर तुमच्या नावाची पाटी लागणार आहे, म्हणून ती इतकी खुशीत होती की मला मध्ये बोलायला जागाच नव्हती. "ताई, त्या टर्कीचं डोकं पार तडकलंय गं. रंगाचे पोपडे निघतायत. त्यांनी एक पेंटर गाठलाय, पण त्यानं जन्मात टर्की पाहिलेली नाही. मी म्हटलं, थांबा, माझ्या बहिणीला विचारते. बाबांच्या शेजारी बसून काम करायची ती, तिला नाही तर कुणाला माहीत असणार?" मी म्हटलं, बघून सांगते. "बघून काय सांगायचंय? लाल होतं ना?" "बघून सांगते," मी पुन्हा म्हटलं आणि इथल्या पावसाबद्दल बोलायला लागले.

तुम्ही गेलात तेव्हा मी साउथहॅम्प्टनला होते, हॉस्पिटलच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये. तार हातात पडली तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. यांनी मला खुर्चीत बसवलं, चहा करून दिला आणि म्हणाले, "रडून घे." मला रडू आलं नाही. मनात एकच होतं, की आता विचारायचं राहिलं. त्या दिवशी माझं खरं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? एवढंच विचारायचं होतं. ठाऊक नसेल तर तुम्ही चुकलात, आणि चूक काय, कुणाचीही होते. ठाऊक असेल तर मग तुम्ही कोण होतात, हे मला नव्यानं ठरवावं लागलं असतं. त्याआधी सुट्टीत भारतात यायचे तेव्हा अंगणातल्या वेताच्या खुर्चीत तुम्ही समोर बसलेले असायचात, आणि मी तुम्हाला इंग्लंडमधल्या बटाट्यांची चव सांगत बसायचे.

त्या टर्कीची कातडी आली तो दिवस मला स्पष्ट आठवतो. कॉलेजात येऊन गेलेल्या अमेरिकन पाहुण्या प्राध्यापकांनी परत गेल्यावर ती भेट म्हणून पाठवली होती. लाकडी खोक्यात भुसा, भुशात मेणकापड, आणि मेणकापडात रानटी टर्कीचा नर. पिसं अशी की मी श्वास रोखून बघत राहिले. काळी म्हणावीत तर उजेडात तांब्याची, जरा वळवली की हिरवी. आणि एवढ्या देखण्या अंगावर ते डोकं! वाळून मनुकेसारखं झालेलं, करडं, सुरकुतलेलं. चोचीच्या मुळाशी वाळक्या शेंगेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. तुम्ही ते चिमट्यानं उचलून म्हणालात, "ही याची सोंड. जिवंतपणी लोंबते." मग मला तुम्ही ते सगळं डोकं वाचून दाखवलंत, पुस्तकाचं पान वाचावं तसं. डोक्यावर पिसं नाहीत, नुसती कातडी आणि तुरळक राठ केस. डोळ्याच्या मागे कानाचं भोक, उघडंच. मानेवर बारीक गाठी आणि खाली गळ्यापाशी आवळ्याएवढ्या मोठ्या गाठींचा घोस. हनुवटीखाली कातडीची झालर. "पिसांची काळजी नाही," तुम्ही म्हणालात. "पिसाचा रंग मेल्यावरही राहतो. खोटं बोलायची वेळ येते ती उघड्या कातडीवर. रक्त गेलं की तिचा रंग जातो, आणि मग तो आपल्याला द्यावा लागतो."

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि मला वाटायचं, जगात याहून चांगलं काम नाही. शाळा सुटली की कॉन्व्हेंटच्या गणवेशातच मी म्युझियमच्या मागच्या तुमच्या त्या खोलीत यायची. कातड्यांना लावायच्या विषारी सोमलाचा डबा उंच फळीवर, त्याला मी हात लावायचा नाही. काथ्या, तारा, काचेचे डोळे खणाखणांत. सुकलेलं डोकं मेणानं पुन्हा भरायचं होतं आणि मेण वितळवायला आपल्या घरची शेगडी. आई वैतागायची. "माझ्या वरणाच्या शेजारी मेलेल्या कोंबड्याचं मेण नको मला." तुम्ही म्हणायचात, "कोंबडा नाही, टर्की." "मग वरणात टर्की नको!" आणि तरी तीच जुनं पातेलं शोधून द्यायची आणि ढवळायला उलथनं. मेण कोमट झालं की मी पाटावर बसून त्याच्या गोळ्या वळायची, बोरांपासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत, मोठ्यापासून लहानाकडे. तुम्ही त्या एकेक करून मानेवर बसवायचात. सोंड मी केली. आतून तार, वरून मेण, आणि वरच्या आडव्या सुरकुत्या सुईनं. तुम्ही ती उजेडात धरलीत, फिरवून पाहिलीत आणि शेजारी बसलेल्या आईला म्हणालात, "माझ्या विद्यार्थ्यांत एकाचा हात असा नाही." आई म्हणाली, "हो, पण पोळ्या गोल होत नाहीत." तुम्ही हसलात. मीही हसले. पुढच्याच वाढदिवसाला तुम्ही मुंबईहून मागवलेला तो बारीक ब्रश मला दिलात, खऱ्या केसांचा, काळ्या दांडीचा. मी तो उशीखाली घेऊन झोपले होते.

तुमचा एक नियम होता आणि तो तुम्ही नव्या मुलांना दमात घेऊन सांगायचात. रंग चुकला तर त्यावर रंग द्यायचा नाही. टर्पेंटाइन लावून, बोथट पातीनं मेणापर्यंत खरवडून काढायचा आणि मग पुन्हा पहिल्यापासून. नाही तर बारीक सुरकुत्या बुजतात आणि पक्ष्याचं मातीचं खेळणं होतं. "खरवडल्याशिवाय दुसरा हात नाही." एका एम.एस्सी.च्या मुलानं कंटाळा केला म्हणून तुम्ही त्याचा अख्खा पाणकावळा त्याच्यासमोर फोडलात, मी दारातून पाहिलंय.

रंग कोणता द्यायचा हे मात्र तुम्हालाही माहीत नव्हतं. आपल्या गावात ज्या पाळीव टर्क्या कुणीतरी ठेवलेल्या होत्या, त्यांची डोकी लालसर असायची. रानटीचं कोण जाणे. अमेरिकेला तुम्ही विचारलं होतं, उत्तर येत नव्हतं. तेव्हा मी शाळेत सिस्टरना विचारलं. लायब्ररीत जाडजूड अमेरिकन विश्वकोश कुलपात असायचे, सिस्टरनी मधल्या सुट्टीत कपाट उघडून दिलं. रंगीत पान होतं. रानटी टर्कीचा नर, पिसारा फुलवलेला. टाळू पांढरी, चुन्यासारखी. डोळ्याभोवतीचा चेहरा निळा, आभाळी नव्हे, निळीच्या पुडीसारखा निळा. आणि मान आणि गळ्याच्या गाठी लालभडक. खाली लिहिलं होतं, जिवंत पक्ष्यावरून काढलेलं चित्र. तीन सुट्ट्या मी डबा न खाता त्या चित्राची नक्कल केली. सिस्टर मागे उभ्या राहून म्हणाल्या, दिसतं तसंच काढ, तुला बरं वाटतं तसं नको.

तुम्ही परीक्षेच्या कामासाठी अमरावतीला गेला होतात. जाताना म्हणालात, पांढरा हात देऊन ठेव, बाकीचं आल्यावर बघू. मी पांढरा दिला, आणि मग थांबवेना. निळा दिला, लाल दिला, निळ्यातून पांढऱ्यात जाणारी कड बोटानं पुसून मऊ केली. तुम्ही संध्याकाळी आलात. मी शेजारी नक्कल ठेवली होती. तुम्ही कोटसुद्धा न काढता उभे राहिलात, एकदा चित्राकडे, एकदा पक्ष्याकडे. दिवा जवळ घेतलात. आणि म्हणालात, "हं."

बाबा, ते "हं" मी आजवर सांभाळलंय. त्याचा अर्थ लावत मी दोन देश आणि चार घरं बदलली.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब ट्रस्टींना घेऊन म्युझियम दाखवायला येतात. मी तुमच्या मागे उभी आहे, वेणीला नवी रिबीन आहे, कारण मला वाटतंय की आज माझं नाव निघणार. साहेब टर्कीसमोर थांबतात. मान वाकडी करतात. "काय हो प्रोफेसर, हा पक्षी आहे की पोळ्याचा बैल?" ट्रस्टी हसतात. एक जण म्हणतो, "झूल तेवढी राहिली!" पुन्हा हसू. साहेब म्हणतात, "टर्की लाल असते, हे आमच्या स्वयंपाक्यालाही माहीत आहे. कुणी केलं हे?" आणि तुम्ही, मागे वळूनसुद्धा न बघता, म्हणता, "मुलीनं बसल्याबसल्या खेळ केलाय. मी इथे नव्हतो. उद्यापर्यंत नीट करतो." खेळ. तीन सुट्ट्यांची भूक, नक्कल, जिवंत पक्ष्यावरून काढलेलं ते चित्र, सगळं खेळ. मी तोंड उघडलं. "पण बाबा, पुस्तकात..." तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी गप्प झाले. ते पुढच्या कपाटाकडे गेले आणि तुम्ही मागे राहून मला हलक्या आवाजात म्हणालात, "डोळे पूस. मनातलं असं तोंडावर दाखवत फिरायचं नसतं. घरी जा." मी वळले तर म्हणालात, "आणि तो ब्रश इकडे दे."

मी दिला. त्यानंतर त्या खोलीत मी आले नाही, तुम्ही बोलावलंही नाहीत. त्या रात्री तुम्ही उशिरा घरी आलात, नखांत लाल रंग होता. आईनं ताट वाढलं, तुम्ही जेवलात. पातीनं मेणावरून माझा निळा खरवडल्याचा आवाज मला इतकी वर्षं ऐकू येत आला आहे. भांडं घासताना, गाडीच्या काचेवरचा बर्फ काढताना तर हमखास. आणि मी तो प्रत्यक्षात ऐकलेलाच नाही.

मॅट्रिकनंतर मला प्राणिशास्त्र घ्यायचं होतं. तुम्ही म्हणालात, मुलींना ते वास आणि ती चिरफाड झेपत नाही. पंधराव्या वर्षी झेपत होतं! मला गृहविज्ञानाला घातलंत. मग इंग्लंडला निघालेला डॉक्टर मुलगा सांगून आला आणि तुम्ही म्हणालात, कॉन्व्हेंटमध्ये शिकलीस ते बरं झालं, तिकडे भाषेची अडचण यायची नाही. म्हणजे सिस्टरनी मला जे शिकवलं त्यातलं तुम्हाला तेवढंच उपयोगी पडलं. हे माणूस म्हणून चांगले निघाले, त्याचं श्रेय मी तुम्हाला देत नाही. यांच्या नोकऱ्या फिरत्या, या हॉस्पिटलमधून त्या हॉस्पिटलमध्ये, शेवटी कॉव्हेंट्रीत घर घेतलं. मी एका सर्जरीत, म्हणजे इथल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, रिसेप्शनला बसत होते. आजारी माणसं चिडून काउंटरवर हात आपटायची आणि मी शांत चेहऱ्यानं म्हणायची, डॉक्टर तुम्हाला मंगळवारी बघतील. मॅनेजरबाई नव्या मुलींना सांगायच्या, हिच्यासारखं व्हा, हिच्या चेहऱ्यावर कधी काही दिसत नाही. तुमचंच शिक्षण.

तर धाकटीच्या फोननंतर मी ठरवलं की या वेळी पुस्तकातून नाही, पक्ष्यालाच विचारायचं. आमच्या घरापासून गाडीनं थोडं बाहेर गेलं की एक फार्म आहे. फाट्यावर पाटी आहे, मुलांना प्राणी दाखवतो म्हणून, आणि त्या पाटीवर इतर प्राण्यांबरोबर अमेरिकन रानटी टर्की लिहिलेलं आहे. ती पाटी मी वर्षानुवर्षं बघते आणि वर्षानुवर्षं गाडीत दुसरीकडे बघते. धाकटीची मुलगी ब्रिस्टलला असते, पुण्याच्या कंपनीनं पाठवलंय सॉफ्टवेअरच्या कामाला. ती नुकतीच नागपूरला जाऊन आली होती आणि आईच्या हुकमावरून टर्कीचे फोटो काढून आणले होते. शनिवारी ट्रेननं आली. फोटो संध्याकाळी बघू, आधी फार्मला जाऊ, असं मी म्हटल्यावर म्हणाली, "मावशी, सीरियसली? एवढ्या थंडीत आपण कोंबडी बघायला चाललोय?" मी म्हटलं, "कोंबडी नाही, टर्की." आणि माझ्या तोंडून तुमचा आवाज ऐकून मीच दचकले.

जाळीच्या मागे दोन नर आणि चार-पाच माद्या होत्या. एक नर आमच्या अगदी जवळ, चिखलात, खांदे पाडून उभा. डोकं फिकट, मळकं गुलाबी, निळ्याची जराशी झाक. सोंड एवढीशी, चोचीवर बसलेली. भाची म्हणाली, "हा तर डायनासोर आहे यार. आणि डोक्यावर च्युइंगगम चिकटलंय." फार्मची बाई बादली घेऊन आली होती, ती इंग्रजीत म्हणाली, "काही बोला, पण हळू बोला. त्याला कळलं की लगेच तोंडावर दिसतं. हा पत्ते खेळायला बसला तर पहिल्याच डावात नागडा होऊन उठेल." भाची खो खो हसली. तिच्या हसण्यानं की काय, पण एक मादी जवळून गेली आणि त्यानं पिसारा उघडला.

बाबा, तुम्ही हे पाहिलं नाहीत. मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटल्याचा राग येतो. त्याची टाळू आमच्या डोळ्यांदेखत पांढरी होत गेली, दुधावर साय धरावी तशी. डोळ्याभोवती निळा चढला. तोच निळा, निळीच्या पुडीचा. गळ्याच्या गाठी फुगून लाल झाल्या आणि ती सोंड लांब होत होत चोचीवरून खाली आली आणि एका बाजूला लोंबायला लागली. वरच्या आडव्या सुरकुत्यांसकट. मी सुईनं काढल्या होत्या तशाच. मी जाळी धरून उभी राहिले. भाची म्हणाली, "मावशी, रडतेयस का?" मी म्हटलं, "वारा आहे." मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, प्रिन्सिपॉलसाहेबांना, ट्रस्टींना, त्यांच्या स्वयंपाक्याला, की या, बघा, पोळ्याचा बैल.

तेवढ्यात दुसरा नर मधे घुसला. दोघांनी माना ताणल्या, एकमेकांच्या भोवती फिरायला लागले, आणि आमच्याकडच्याचा निळा उतरला. पांढराही उतरला. टाळूपासून गळ्यापर्यंत सगळं डोकं लाल झालं, एकसारखं लाल, कुठे दुसरा रंग म्हणून नाही. तुमच्यासारखं. तुम्ही त्या रात्री दिलेत ना, अगदी तसं. बाईंनी बादली वाजवून दोघांना हटकलं आणि आम्हाला सांगितलं की भांडणावर आला की तो असाच होतो.

घरी येताना मी गाडीत हिशेब करत होते. इतकी वर्षं माझ्याकडे एक गोष्ट होती, की मी बरोबर होते आणि तुम्ही चूक. सासरी, परदेशात, काउंटरच्या मागे, ती एक गोष्ट माझी होती. आणि आता तीही पुरी माझी राहिली नाही. लालही खरा होता. एकाच पक्ष्याचे दोन्ही. तुमच्या चुकीचंसुद्धा मला सुख मिळू नये, बाबा? मग माझ्या लक्षात आलं, की तुम्हाला तरी हे कुठे ठाऊक होतं? तुम्ही लाल दिलात तो पक्षी भांडणावर आला होता म्हणून नाही. तुम्ही घाबरला होतात म्हणून दिलात.

संध्याकाळी डायनिंग टेबलावर भाचीनं लॅपटॉप उघडला. हे चष्मा लावून शेजारी बसले. फोटोंत तुमची टर्की नव्या काचेमागे उभी होती, पिसं अजून तांब्याची आणि डोकं विटेच्या रंगाचं, भेगाळलेलं. भाची एकेक फोटो मोठा करत होती. "हे बघ, आईनं खास क्लोज-अप घ्यायला लावलेत. पेंटरला दाखवायला. इथे डोळ्याच्या मागे पूर्ण पोपडा निघालाय." मग ती थांबली. "मावशी, वेट. याच्याखाली ब्लू आहे."

मी म्हटलं, मोठं कर. तिनं केलं. कानाच्या भोकाशेजारी नखाएवढा पोपडा उडाला होता आणि खाली निळा होता. वरच्या कडेला तो पांढऱ्यात विरत गेला होता, आणि ती कड पुसून मऊ केलेली होती. बोटानं. हे म्हणाले, "प्रायमर असेल." भाची म्हणाली, "काका, ब्लू प्रायमर कोण लावतं?" माझ्याकडे वळून म्हणाली, "तुला माहितीये का हे काय आहे?" मी म्हटलं, "जुना हात असेल कुणाचा तरी." आणि भाताला फोडणी द्यायला उठले.

तुम्ही खरवडलंच नव्हतं. ज्यानं त्या मुलाचा पाणकावळा फोडला, त्या माणसानं माझ्या निळ्यावर पाती लावली नाही, नुसता वरून लाल फिरवला. स्वयंपाकघरात उभी राहून मी याचे सगळे अर्थ लावले. घाई असेल. उद्यापर्यंत नीट करतो म्हणाला होतात. टर्पेंटाइन संपलं असेल. किंवा मग पाती हातात घेतली असेल आणि लावता आली नसेल. मला चांगला अर्थ निवडता आला असता, वय झालं की माणूस चांगलाच अर्थ निवडतो. पण चांगला अर्थ निवडला तर मला हे मानावं लागतं की त्या संध्याकाळी "हं" म्हणताना तुम्हाला कळलं होतं. सकाळी "खेळ" म्हणताना तुम्हाला कळलेलं होतं. आपल्या मुलीचा हात चांगला आहे आणि ती बरोबर आहे हे माहीत असूनही तुम्ही चार माणसांच्या हसण्याला घाबरलात आणि मला पुढे केलंत. आणि मग त्या हाताला पोळ्या लाटायला पाठवलंत. न कळता केलं असतंत तर बरं झालं असतं. निळा लपवून ठेवलात म्हणे! जिला तो हवा होता तिला दाखवायचा, वेड्यासारखा कपाटात काय ठेवलात.

रविवारी धाकटीचा फोन आला. भाची समोरच सोफ्यावर होती. "काय गं ताई, बघितलेस ना फोटो? काय सांगू पेंटरला?"

मी ऐकत होते. मागून तिच्या घरातला कुकर वाजत होता. तिच्या आवाजात तुमची पाटी होती, हार होते, तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांची भाषणं होती. तुम्ही तिचे फार लाडके. तिला तुम्ही प्राणिशास्त्र घेऊ दिलं होतंत, हे तुम्हाला आठवतं का? दहा वर्षांनी जग बदललं होतं, असं आई म्हणायची.

"लाल," मी म्हटलं.

"बघ! मी म्हटलंच होतं. पूर्ण लाल?"

"पूर्ण. बाबांनी तसाच दिला होता."

"आणि आधी जुना काढून टाकायला सांगते. बाबांचं ते होतं ना, खरवडल्याशिवाय..."

"नको," मी म्हटलं. "खरवडू देऊ नकोस. पोपडे दाबून बसवा आणि वरूनच द्या."

"अगं पण बाबा तर म्हणायचे..."

"काय म्हणायचे ते मला माहीत आहे. मेण जुनं झालंय, पाती लावली तर डोकंच हातात येईल. वरूनच द्या, ऐक माझं."

तिनं ऐकलं. ती माझं नेहमीच ऐकते. मेणाबद्दल मी जे बोलले ते खरंही असेल, मला ठाऊक नाही. मी ते त्यासाठी बोलले नाही. कुणा परक्या माणसानं पाती लावली असती तर तुमच्या लालाबरोबर माझा निळाही गेला असता, मेणापर्यंत. आणि निळा द्या असं सांगितलं असतं तर तो त्या पेंटरचा निळा झाला असता, आणि धाकटीनं विचारलं असतं, मग बाबांनी लाल का दिला? त्याचं उत्तर मला देता आलं असतं. हारांच्या आणि पाटीच्या आधी, कुकर वाजत असताना, देता आलं असतं. मी दिलं नाही. तुम्हीही त्या रात्री असंच काहीतरी मनाशी घोळवत उभे होतात का, हे आता मी विचारणार नाही. उत्तर चांगलं असलं तरी माझं त्यातलं काही परत येत नाही.

हे कागद मी ड्रॉवरमध्ये ठेवीन, मग कधीतरी फाडीन. पण लिहायला बसलेच आहे तर एवढं सांगते. आता त्या डोक्यावर लाल रंगाचे दोन हात असतील, एक तुमचा आणि एक माझा. फोन ठेवला तेव्हा भाचीनं वर पाहिलं आणि विचारलं, "झालं ठरलं?" मी म्हटलं, "झालं," आणि माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं नसावं, कारण ती पुन्हा लॅपटॉपकडे वळली. तुम्ही शिकवलंत ते मला चांगलं जमतं, बाबा. फक्त कानाच्या पाळ्या तापल्या होत्या, आणि मी केस पुढे घेऊन त्या झाकल्या.